तेरा आणे चांदी

मित्रांनो, मी एक जुना रुपया आहे. तुमच्या खिशातला नव्हे. त्याला तर चुंबकही चिकटतं. मी चांदीचा. निजामाच्या काळात हैदराबादच्या टांकसाळीत जन्मलो. आम्हाला हाली रुपया म्हणत. माझ्या अंगावर चारमिनार होता.

माझ्या हजार भागांपैकी आठशे अठरा भाग चांदी. आकडा जड वाटत असेल तर असं समजा : रुपयाचे सोळा आणे, त्यातली तेरा आणे चांदी आणि तीन आणे इतर भेसळ. या तीन आण्यांची मला कधी लाज वाटली नाही. निव्वळ चांदी मऊ असते, चार बाजार फिरली की झिजते. इंग्रजांच्या कलदार रुपयात जवळजवळ पावणेपंधरा आणे चांदी असे, आणि तो ते दिसेल त्याला सांगत असे. मी गप्प राहायचो. तेरा आण्यांत तेवढं शहाणपण येतं.

तरुणपणी मी खूप फिरलो. एका बैलाच्या सौद्यात तर तीन वेळा याच्या हातातून त्याच्या हातात गेलो आणि शेवटी बैल मूळ मालकाकडेच राहिला. दुकानदार मला दगडावर आपटून माझा आवाज ऐकायचे आणि ‘वा!’ म्हणायचे. आपटून घेतल्याशिवाय कौतुक होत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

पुढे संस्थान गेलं, आणि काही वर्षांनी आमचं चलनही गेलं. मी परभणीजवळच्या झरी गावात, एका लिंगायत घरी, भांड्यांच्या दुकानामागच्या पेटीत येऊन पडलो. आम्ही सात जण होतो. या घरात एक रीत होती. बाळाच्या गळ्यात इष्टलिंग, म्हणजे पूजेचं लहानसं लिंग, बांधायचं, तर ते ठेवायची चांदीची डबी घडवताना तिच्यात घरचं एक नाणं वितळवून घालायचं. वाडवडिलांची चांदी लेकराच्या अंगाला लागावी म्हणून. अशा प्रकारे माझे सहा सोबती सहा मुलग्यांच्या गळ्यात गेले. एकदाही कुणी भाव विचारला नाही.

मी एकटा उरलो. वर्षानुवर्षं अंधारात पडून माझ्यावर छान काळी साय धरली. आणि यंदा घरात नात जन्मली. तिचं नाव रुद्राणी.

ती पाच महिन्यांची झाली, त्याच आठवड्यात तिचे आजोबा आणि दुकानाचे मालक विरूपाक्षअप्पा यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला : जुनं नाणं द्या, पाच लाख घ्या. अप्पांनी मला पेटीतून काढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की उभ्या जन्मात मला एवढा मान मिळाला नव्हता.

“सोमवारी पोरीला लिंग बांधायचंय,” त्यांच्या पत्नी महादेवीकाकू म्हणाल्या. “नाणं द्या, सोनाराकडं न्यायचंय.”

“अगं, पाच लाखाचं नाणं हाय. वितळवतीस व्हय?”

“सहा पोरांच्या टायमाला बरं रुपयाचं होतं. पोरगी आली की लगेच लाखाचं झालं!”

अप्पांनी मला खिशात टाकलं. शेवटी काकूंनीच निकाल दिला. “चला परभनीला, सितारामशेठकडं. लाख आलं तर तुमचं. न्हाई आलं तर पोरीचं. कबूल?”

“कबूल!” अप्पा म्हणाले. लाखाच्या खाली आकडा येईल, असं त्यांना वाटतच नव्हतं.

खरं सांगतो मित्रांनो, मी अप्पांच्या बाजूचा होतो. काचेचं कपाट, खाली मखमल, समोर शाळेची सहल, असं म्हातारपण कुणाला नको असतं?

पण अप्पा जन्मभर भांडी विकत आलेले. चकाकी पाहून गिऱ्हाईक पैसे देतं, हा त्यांचा धर्म. निघायच्या आधी त्यांनी मला दुकानातल्या पॉलिशच्या चाकावर धरलं. घर्रर्र! इतक्या वर्षांची साय गेली, तारीख गेली, चारमिनारचे तीन मिनार गेले. मी नव्या स्टीलच्या ताटलीसारखा लखलखू लागलो. अप्पा खूश झाले. मीही झालो, कारण मलाही अक्कल नव्हती.

सितारामशेठ सराफ होते आणि स्वतः जुनी नाणी जमवायचे. त्यांनी भिंगातून मला पाहिलं, भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, “अप्पा, ह्ये कुनी केलं?”

“मीच केलं. कसं दिसायलंय?”

“वाटीवानी दिसायलंय.”

“म्हंजे पाच लाख...?”

“अवो, ह्ये नाणं लय जनांकडं हाय. घासायच्या आधीबी लाखाचं नव्हतं. पन काळं होतं तसं आणलं असतं, तर माज्या संग्रहासाठी दोन हजाराला ठेवून घेतलं असतं. आमी हौशी मान्सं त्या काळपटपणाचेच पैसे देतो. आता निस्ती चांदी.”

त्यांनी मला कसोटीच्या दगडावर घासलं, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला आणि म्हणाले, “चांदी अस्सल हाय, तेरा आणे.” मग काट्यावर ठेवलं. “वजन भरंना. पाव ग्रॅम तुमच्या चाकाला ऱ्हायलंय, अप्पा.”

काकूंनी पदर सावरला. “लाख आलं का?”

अप्पा छताचा पंखा बघू लागले. पंखा बंद होता.

“मंग पोरीचं,” काकू म्हणाल्या.

“अगं, पन एवढ्याशा नाण्यात डबी व्हायची न्हाई. आपल्या दुकानात जर्मन सिल्वरची हाय की, फुकटात...”

“शेठ,” काकू नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “जर्मन सिल्वरात चांदी किती असती?”

“अजिबात न्हाई, वैनी. निस्तं नाव.”

“ऐकलं?”

अप्पांनी ऐकलं. दीड तोळा शुद्ध चांदी त्यांच्या पैशानं घालायची ठरली. त्यांनी मोबाइल काढला, तो आता पैसे द्यायला.

वितळणं तसं वाईट नसतं. मुशीत गेलो तेव्हा मखमलीच्या आठवणीनं जरा हुंदका आला, एवढंच. दीड तोळ्याच्या संगतीनं माझे तेरा आणे पावणेपंधरा झाले. डबी तयार झाल्यावर सितारामशेठनी तिच्या बुडाशी शुद्धतेचा ९२५ असा आकडा ठोकला, म्हणजे हजारात तेवढे भाग चांदी. कलदार भेटला असता तर आता मीही दिसेल त्याला सांगितलं असतं.

सोमवारी लिंग बांधायला आलेल्या स्वामींनी मंत्र म्हटला. रुद्राणीनं मला मुठीत धरलं आणि सरळ तोंडात घातलं. शंभर वर्षांत पुष्कळांनी मला पारखलं, पण हिरड्यांनी कुणी पारखलं नव्हतं. ती हसली. अप्पा पुढं वाकून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “पास झालं,” ते काकूंना म्हणाले.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरात जुनं नाणं सापडलं तर चिंच, राख, पॉलिश, काही लावू नका. आहे तसं जाणत्या माणसाला दाखवा. विकायचं असेल तर खुशाल विका. फक्त भाव विचारण्याआधी एकदा पाळण्यात डोकावून पाहा. तिथली व्यक्ती बोलत नसली, तरी वाटेकरी असते.