माझ्या कपाळीचा थंड दिवा

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी म्हणायला नको की गाडीने लपवलं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी नव्हते. चांगली हसतमुख होते. वालूरच्या शिवलिंगअप्पांनी मला परभणीहून घरी आणलं. अप्पांचं किराणा दुकान. वर्षभर गूळ-शेंगदाणे तोलणारा हा माणूस मार्गशीर्ष लागला की दुकान बायकोच्या, चन्नबसम्माच्या, हवाली करायचा, माझ्या पाठीवर वळकटी बांधायचा आणि थेट श्रीशैल गाठायचा. वाटेत पेडगावला त्यांचे दोस्त बन्सीधर आणि आणखी तीन गाडीवाले येऊन मिळायचे. सगळ्यांच्या पुढे मी. घाटात बाकीचे माझ्या उजेडाचा माग धरून चालायचे. "अप्पा, तुमची गाडी म्हंजे घोडी हाय घोडी!" असं बन्सीधर म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मी फुगून जायचे.

निघायची अप्पांची रीत ठरलेली होती. पहाटे लिंगपूजा आटोपली की तांब्यात तीन बोटं बुडवायची, विभूतीच्या वडीवर घासायची, आधी स्वतःच्या कपाळावर ओढायची आणि मग माझ्या. माझं कपाळ म्हणजे पुढच्या दिव्याची काच. दिवा हॅलोजनचा, मोठा तापट. हात लावाल तर चटका बसेल. ओले पट्टे बघता बघता वाळायचे आणि कोसभरात वाऱ्याने उडून जायचे. अठरा वर्षं असंच चाललं.

मग अप्पांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. दोन वर्षं मी दुकानामागच्या खोलीत पोत्यांखाली पडून होते. कुणी विचारलं नाही. उंदरांनी मात्र येऊन विचारपूस केली आणि जाताना माझ्या वायरी कुरतडल्या. तेव्हापासून, मित्रांनो, माझा कुणावर भरवसा राहिला नाही. जवळ येतो तो काहीतरी कुरतडायलाच येतो, असं माझं ठाम मत झालं.

माझ्यावरची पोती काढली अप्पांच्या लेकीनं, शिवरंजनीनं. ती आयटीआयला वायरिंग शिकून आली होती आणि बसथांब्याजवळच्या गाळ्यात तिनं गाड्यांच्या लाइटचं दुकान टाकलं होतं. महिना झाला, एक गिऱ्हाईक नाही. बाईमाणूस गाडी उघडते हे बघायला लोक यायचे, गाडी द्यायला कुणी येत नव्हतं. शेवटी बन्सीधर म्हणाले, "पोरी, आधी तुज्या बापाची गाडी कर. अंधारात येलदरीपस्तोर नीट गेली, तर आमच्या चारी गाड्या तुज्याकडंच. न्हाई गेली, तर राग धरू नको. श्रीशैलचा घाट हाय, जिवाशी खेळ न्हाई." म्हणजे त्या पोरीचं दुकान आता माझ्या दिव्यावर टांगलेलं होतं.

तिनं कुरतडलेली वायरिंग काढून नवी ओढली. मग माझा जुना तापट दिवा काचेसकट उतरवला आणि त्या जागी एलईडी बसवला. मी डोळ्यात तेल घालून बघत होते. स्क्रू सैल तर ठेवत नाही ना? तासभर पेटवला तरी काच थंडगार! पेटतो आणि तापत नाही, असा दिवा मी जन्मात पाहिला नव्हता. अशा मिठ्ठास थंड माणसांपासूनही लांब राहावं, मग दिव्याचं काय घेऊन बसलात! संध्याकाळी समोरच्या भिंतीवर चुन्यासारखा पांढरा उजेड पडला. अप्पा खूश झाले. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

नऊ कसले, एकसुद्धा नाही! दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही येलदरीला निघालो. बन्सीधर त्यांच्या गाडीवर मागे. थंडी बोचत होती, दव टपटप पडत होतं. अप्पांनी नेहमीप्रमाणे पूजा केली, तीन बोटं स्वतःला लावली, तीन मला लावली, आणि किक मारली. गावाबाहेर पडतो तोच उजेड मलूल. पुढे तर दुधाच्या पातेल्यातून बघावं तसं दिसू लागलं. एका पुलाजवळ वळण आलं ते अप्पांना कळलंच नाही. मी सरळ तुरीच्या रानात घुसले. अप्पांचा गुडघा फुटला.

"अप्पा, वळण दिसंना व्हय?" बन्सीधर धावत आले.

"काहीच दिसायलं न्हाई."

"डुप्लिकेट माल बसवला का काय पोरीनं?"

अप्पा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "पोरीच्या हातचं काम हाय. असंच असायचं!"

मीही म्हटलं, बघा, मी म्हणतच होते!

बन्सीधरांच्या पिवळ्या उजेडामागून आम्ही कशीबशी येलदरी गाठली. उजाडल्यावर अप्पांनी रागारागात खांद्यावरच्या पंच्याने मला पुसलं. चिखल, धूळ, दव, सगळं एकाच फटकाऱ्यात. ही त्यांची जुनीच सवय. परत येऊन गाळ्यात बटन दाबलं, तर तोच चुन्यासारखा उजेड! दुकानात शहाणा, रस्त्यावर आंधळा. अप्पांनी चार माणसांत तेच वाक्य पुन्हा म्हटलं. शिवरंजनीनं पेचकस उचलला. तिनं एकेक जोड उघडून तपासला. दोष सापडेना. आणि दोष सापडत नाही म्हणून मला तर जास्तच संशय.

तिनं शटर ओढलं. दोन दिवस उघडलं नाही. "आई, मी गाळा सोडते," ती म्हणाली. तिच्या ताटातली भाकरी तशीच होती.

चन्नबसम्मा म्हणाली, "सोडशील मग. आधी एकदा सोता बस त्या गाडीवर. उंदीर धरायचा तर बिळापाशी बसावं लागतं."

दुसऱ्या पहाटे अप्पांची पूजा आटोपल्यावर ती येऊन त्यांच्या मागे बसली. अप्पांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. त्याच रस्त्याला, तसाच उजेड मलूल झाला.

"अप्पा, थांबा. गाडी चालूच ठिवा."

ती उतरून माझ्या पुढे आली आणि माझ्या कपाळावर तळवा ठेवला. मग तोच तळवा उजेडात धरला. पांढरा चिखल! विभूती, दव आणि धूळ, लापशीसारखी घट्ट.

"अप्पा, हे कुणी केलं?"

अप्पांनी स्वतःच्या तीन बोटांकडे पाहिलं. नखांत अजून विभूती होती.

"जुनी काच तापायची, तुमची विभूती वाळून उडायची," शिवरंजनी हळू म्हणाली. "ही थंड ऱ्हाती. उडंल कशी?" तिनं ओढणीच्या टोकानं काच पुसली, आणि रस्ता पार पुढच्या बाभळींपर्यंत लख्ख दिसू लागला.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिव्यावर संशय, पोरीवर संशय, आणि माझ्याच कपाळावर काय थापलंय ते मला ठाऊक नाही! घरी कळल्यावर चन्नबसम्मा पोट धरधरून हसली. "काखेत कळसा अन् गावाला वळसा!" अप्पा मात्र हसले नाहीत.

श्रीशैलला निघायच्या दिवशी बन्सीधर पेडगावहून बाकीच्या तिन्ही गाडीवाल्यांना घेऊन वालूरला आले. माझ्या दिव्याची खात्री करायला. गाळ्याचं शटर अजून बंदच होतं; अप्पांनी चार माणसांत म्हटलेलं ते वाक्य कुणी मागे घेतलं नव्हतं. अप्पा विभूतीची वडी आणि तांब्या घेऊन आले. तीन बोटं ओली केली, सवयीने माझ्या काचेकडे नेली आणि तिथंच थांबली. "रंजा, कुठं लावू?" या माणसाने आजवर कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "टाकीवर लावा." त्यांनी लावली. मग बोटं पुन्हा भिजवली आणि तिच्या बंद शटरवर तीन पट्टे ओढले.

"बन्सीधर, चूक माझ्या हाताची होती," अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले. "हिच्या हाताची न्हाई."

शिवरंजनीनं डोळे पुसले आणि शटर वर केलं. बन्सीधरांनी आपली गाडी ढकलत आत नेली.

मित्रांनो, तुमच्या गाडीची काच रोज पुसत जा, आणि आम्हा जुन्यांना पोत्याखाली टाकू नका. संशय आला तर खुशाल येऊ द्या, मी तरी कुठं सोडलाय? फक्त दुसऱ्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी आपली बोटं एकदा उजेडात धरून बघा.