पितळी कंगवा आणि माहेरी गेलेले केस

माझे दात पितळेचे आहेत, मित्रांनो, आणि मूठ लाकडाची. मुठीच्या एका बाजूला जळल्याचा काळा डाग आहे. मी जातीचा कंगवाच. पण तुमच्या घरातल्या कंगव्यांसारखा थंड डोक्याचा नव्हे. मला आधी शेगडीच्या निळ्या जाळावर तापवतात. मग कागदावर टेकवून पाहतात. कागद तपकिरी झाला, तर मी फार तापलो असे समजून मला थोडे हवेत फिरवतात. कागद पांढरा राहिला, की मी कामाला तयार. दाट, कुरळ्या, स्प्रिंगसारख्या केसांमधून मी फिरलो, की ते केस सरळ होऊन खांद्यावर येतात.

माझे घर म्हणजे ओडेसा प्रूइट यांच्या स्वयंपाकघरातला खण. गाव कॉटर्स बेंड, अलाबामातले, नदीच्या वळणावरचे. गावाच्या मधून आगगाडीचे रूळ जातात. अलीकडे काळ्या लोकांची वस्ती, पलीकडे गोऱ्यांची. रूळ काही कोणी भिंत म्हणून टाकले नव्हते. पण काम ते भिंतीचेच करत.

मी कोणत्या कारखान्यात घडलो, ते मला आठवत नाही. आपले जन्मणे कोणाला आठवते? मला आठवतो तो ओडेसाचा हात. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आली होती. दारोदार केसांची तेले विकणाऱ्या एका बाईंकडून तिने मला घेतले, पीचच्या मुरंब्याच्या दोन बरण्या देऊन.

त्यानंतरचे शनिवार आठवले, की अजून माझे पितळ उबदार होते. दुपारपासून शेजारच्या बायका आपल्या मुलींना घेऊन येत. मागच्या शेगडीवर पालेभाजी आणि डुकराचे हाड रटरटत असे, पुढच्या शेगडीवर मी. रेडिओवर चर्चची गाणी. तेलाचा, धुराचा आणि तळलेल्या माशांचा एकच वास होऊन जाई. खुर्चीवर उशी, उशीवर एखादी पोरगी, आणि ओडेसाचा ठरलेला हुकूम:

"कान धर!"

पोरगी कान मुडपून धरी आणि तेवढ्यात किंचाळे.

"मेले! भाजलं!"

"अगं, अजून टेकवलासुद्धा नाही. तेल चुरचुरतंय ते. तुझं नरडं तेवढं सरळ आहे, केस करू दे की सरळ!"

सगळ्या बायका हसत. दुसऱ्या दिवशी त्याच मुली चर्चमध्ये रिबिनी लावून मिरवत, आणि पाद्रीबुवांचे प्रवचन सोडून एकमेकींची डोकी पाहत.

आता दोन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. मानेवरचे केस सर्वांत बारीक, सर्वांत कुरळे आणि सर्वांत हट्टी असतात. आमच्या बायका त्यांना 'स्वयंपाकघर' म्हणतात. का, ते विचारू नका. प्रत्येक म्हातारी वेगळे कारण सांगते. "तुझं स्वयंपाकघर बघ गं, काय अवतार झालाय!" असे कोणी म्हटले, की मुलीचा हात मानेवर जातो, चुलीकडे नाही. दुसरे असे, की मी सरळ केलेले केस कायमचे सरळ राहत नाहीत. पाऊस लागला, घाम आला, की ते गुपचूप वळत वळत मूळच्या रूपात जातात. त्याला म्हणायचे, 'केस माहेरी गेले'.

एका उन्हाळ्यात ओडेसाने मतदार म्हणून नाव नोंदवायचे ठरवले. आमच्या भागात काळ्या माणसाला ते तेव्हा सोपे नव्हते. सकाळी तिने मला तापवले आणि स्वतःचे केस असे सरळ केले, की माझे मलाच कौतुक वाटले. वर टोपी, हातात पांढरे हातमोजे.

"त्यांना बोट ठेवायला जागाच द्यायची नाही," ती आरशाला म्हणाली.

संध्याकाळी ती परत आली. कचेरीतल्या माणसाने सगळ्यांना दिवसभर अंगणात, उन्हात उभे केले होते. केस केव्हाच माहेरी गेले होते. तिची पाळी आल्यावर तो म्हणाला, "या अवतारात कचेरीत येतात का, बाई?" आणि त्याने खिडकी लावून घेतली. ओडेसाने मला पुसले, खणात ठेवले आणि न जेवता झोपली. ती पुन्हा गेली, पुन्हा परत आली. पुढे कायदा बदलला तेव्हा कुठे तिचे नाव लागले. ती खिडकी लागली त्या दिवसापर्यंत मला वाटे, की मी दारे उघडतो.

मग काळ पालटला. ओडेसाची लेक व्हर्नेल कॉलेजातून आली ती डोक्याभोवती केसांचा गोल, काळा ढग घेऊन. "ममा, मी आता हे जाळून घेणार नाही," ती म्हणाली. ओडेसा आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. हळूहळू शनिवारच्या बायकाही येईनाशा झाल्या. कोणी केस करून देणाऱ्या दुकानात जाऊ लागल्या, कोणी केस तसेच ठेवू लागल्या. मी खणात गेलो. रबरबँड, मेणबत्त्यांचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणे यांच्या संगतीत. खोटे कशाला सांगू, मला राग यायचा. त्या काळ्या ढगाचा राग यायचा.

पुष्कळ वर्षांनी व्हर्नेलला मुलगी झाली, अमारी. ती नऊ वर्षांची होती तेव्हा आई तिच्या वेण्या घालून टोकांना रंगीत मणी ओवत असे. पोर धावली, की मणी वाजत. एके दिवशी ती शाळेतून भर दुपारी घरी आली. नियमात लिहिले होते, 'केस नीटनेटके असावेत', आणि मुख्याध्यापिकांच्या मते तिचे नीटनेटके नव्हते.

व्हर्नेल पोस्टात काम करत होती, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या आठवड्यात तिने शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभे राहायचे ठरवले. मदतीला आले डीकन हॉलिस. चर्चचे जुने कारभारी, वस्तीतल्या प्रत्येकाचा शेवटचा प्रवास त्यांच्याच गाडीतून होई. माणूस भला, पण सावध.

"व्हर्नेल, तुला निवडून यायचंय की बरोबर ठरायचंय?" त्यांनी विचारले.

"दोन्ही जमणार नाही का, डीकन?"

"रुळांपलीकडच्या मतांशिवाय नाही. शाळेच्या बसगाड्यांवर बोल. गळक्या छपरावर बोल. अमारीचं आणि केसांचं नाव काढू नकोस. आणि ते तुझं जरा..." त्यांनी आपल्या डोक्याभोवती हात फिरवला, "जरा खाली बसव. डोक्यावरचं राजकारण नको, डोक्यातलं कर."

"तुमच्या डोक्यावर काही उरलं नाही ना, म्हणून सुचतंय," ओडेसा कोपऱ्यातून म्हणाली.

पण उमेदवारांच्या जाहीर सभेच्या दिवशी व्हर्नेल स्वतःच खुर्चीवर येऊन बसली. "कर, ममा," एवढेच म्हणाली. खण उघडला. उजेड आला. मित्रांनो, किती वर्षांनी मला जाळ लागला! ओडेसाचा हात आता म्हातारा झाला होता, पण केसांवर पूर्वीसारखाच फिरला. व्हर्नेलचे केस काळ्या रेशमासारखे खांद्यावर उतरले. मी आनंदात होतो. अमारी दाराशी उभी राहून सगळे पाहत होती. ती हसत नव्हती, हे मला दिसले. पण मी तिकडे लक्ष दिले नाही.

सभा शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. लागेल म्हणून ओडेसाने मला फडक्यात गुंडाळून पर्समध्ये घेतले होते. पर्स अर्धवट उघडी, त्यामुळे मला ऐकूही येत होते आणि थोडे दिसतही होते. सप्टेंबरचा उकाडा. हॉलची थंड हवेची यंत्रे बंद पडलेली. एका बाजूला अलीकडचे लोक, दुसऱ्या बाजूला पलीकडचे. कोणी सांगितले नव्हते, तरी तसेच बसले होते. व्हर्नेल बसगाड्यांवर बोलली, छपरावर बोलली. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात डीकन धावत आले. "सिस्टर ओडेसा, बघा तिच्याकडे! स्वयंपाकघर चाललं माहेरी! अजून प्रश्नोत्तरं बाकी आहेत."

"मग चला. स्वयंपाकघर नीट करायला स्वयंपाकघरच लागतं," म्हणत ओडेसा उठली.

शाळेच्या भोजनगृहामागच्या स्वयंपाकघरात गॅस पेटला. मी जाळावर गेलो. व्हर्नेल एका उलट्या टोपल्यावर बसली. मागोमाग अमारी आत आली, मणी वाजवत.

"आई, तुझे केस माहेरी गेले."

"हो गं राणी. आणतोय परत."

"का? ते तिथे खूश असतील तर?"

डीकन हसले. अमारी हसली नाही.

"बाईंनी सांगितलं, माझे केस नीट नाहीत. तुझेपण नीट नाहीत, म्हणूनच तू सरळ करतेस ना?"

ओडेसाने मला कागदावर टेकवले. कागद पांढरा राहिला. मी तयार होतो.

"ममा," व्हर्नेल हळूच म्हणाली, "गॅस बंद कर."

"अगं, एवढी मेहनत वाया घालवतेस?" डीकन कळवळून म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे! पलीकडचे लोक बिचकतील. तुझ्या पोरीसाठीच तर चाललंय हे सगळं!"

"पोरीसाठीच म्हणतेय मी, डीकन. ती बघतेय ना इथे उभी राहून."

डीकनांनी ओडेसाकडे पाहिले. तुम्ही तरी सांगा, असे. ओडेसाने मला ओट्यावर ठेवले.

"त्या कचेरीत मी किती वेळा केस सरळ करून गेले, ठाऊक आहे तुम्हाला?" ती म्हणाली. "त्या माणसाने माझे केस कधी बघितलेच नव्हते हो. तो मला बघत होता." आणि तिने गॅस बंद केला.

मी तसाच ओट्यावर गार होत पडून राहिलो. दार उघडे होते, म्हणून पुढचे ऐकले; दिसले नाही ते ओडेसाने नंतर सांगितले. अर्धे केस सरळ आणि अर्धे उभे अशा डोक्याने व्हर्नेल मंचावर गेली.

"मंडळी, उशीर झाला, माफ करा. माझं स्वयंपाकघर बिघडलं होतं."

हॉलची एक बाजू खो खो हसली. दुसरी बाजू गप्प. मग पलीकडच्या मिसेस ग्रँथम, गुरांच्या चाऱ्याचे दुकान चालवणाऱ्या, काळजीने उठल्या. "काय बिघडलंय, बाई? नळ की गॅस? माझा मुलगा ही कामं करतो. सकाळी पाठवू का?"

आता असा हशा उठला, की दाराची काच थरथरली. मिसेस ग्रँथम गोंधळून इकडेतिकडे पाहू लागल्या. व्हर्नेलने लोकांना त्यांच्यावर आणखी हसू दिले नाही. ती वळली, मानेवरचे केस वर उचलून दाखवले आणि म्हणाली, "हे माझं स्वयंपाकघर, मॅम. घामाने कुरळं झालं. जन्मल्यापासून असंच आहे. माझ्या मुलीचंही असंच आहे, आणि त्यासाठी तिला या शाळेतून घरी पाठवलं. हे अस्वच्छ नाही. हे आमचं आहे. नियमातलं 'नीटनेटकं' म्हणजे नेमकं कोणासारखं, एवढंच मला मंडळात विचारायचंय."

कोणी टाळी वाजवली, कोणी उठून गेले. मिसेस ग्रँथम खाली बसल्या आणि बराच वेळ स्वतःच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या.

व्हर्नेल निवडणूक हरली. पोस्टात येणाऱ्या काहींनी तिला नमस्कार करणे सोडले, तेही तिने सोसले. पण त्या सभेनंतर 'नीटनेटके' हा शब्द गावात कोणाला गंभीर चेहऱ्याने उच्चारता येईना. अमारी मणी वाजवत शाळेत गेली आणि शाळा सुटेपर्यंत तिथेच राहिली. डीकन आठवडाभर रुसले, मग एका रविवारी चर्चच्या पायरीवर अमारीला म्हणाले, "काय गं, मण्यांत एखादा जांभळा नाही का?"

पुढच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी अमारी स्वयंपाकघरात आली. खण तिनेच उघडला.

"बिग ममा," ती आजीला म्हणाली, "मला एकदा याने करून दे."

व्हर्नेलच्या हातातली बशी हातातच राहिली. ओडेसाने चष्मा नीट केला.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही."

"शाळेत कोणी काही बोललं?"

"नाही गं! मला बघायचंय, कसं दिसतं ते. नाही आवडलं तर मी डोकं धुऊन टाकीन."

ओडेसाने लेकीकडे पाहिले. व्हर्नेलने बशी खाली ठेवली आणि खुर्चीवर उशी मांडली.

मित्रांनो, मी हजारो डोक्यांवरून फिरलो आहे. कोणाला आईने बसवले होते, कोणाला भीतीने, कोणाला कचेरीने. स्वतःच्या मनाने, आणि तेही नुसत्या गमतीसाठी खुर्चीवर चढलेले डोके मी प्रथमच पाहिले. इतके हलके काम मला कधी मिळाले नव्हते.

मला घासूनपुसून चकचकीत ठेवा, असे मी मागत नाही. म्हातारपणी खणही बरा वाटतो. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या वर्गात कोणाचे केस वेगळे असतील, कोणाचा रंग, कोणाचे बोलणे. त्याला हात लावण्याआधी, नाव ठेवण्याआधी, किंवा प्रेमाने 'सुधारायला' जाण्याआधीसुद्धा, त्याला एकदा विचारा, "तुला काय हवंय?" आणि विचारलेत, की उत्तर येईपर्यंत थांबा.