अकरा तारखेचा उपास

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या सगळ्या सोसायटीला माहीत आहे. भाजीवाला मला बघून आधीच बरोबर तोलतो. पण गेल्या जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला, तेव्हा माझी बोलतीच बंद झाली.

आमच्या ह्यांना, म्हणजे अविनाशना, नवी किडनी बसवून तेव्हा सात महिने झाले होते. घरातल्या कुणाची घेता आली नाही. माझी शुगर आडवी आली आणि आमच्या मुलीचा, कृतिकाचा, रक्तगट. यादीत नाव घालून चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस केलं. मग नोव्हेंबरात एका दुपारी फोन आला की एक पेशंट ब्रेन डेड झालाय, घरच्यांनी अवयव द्यायचं ठरवलंय, ताबडतोब या. आम्ही होतो तसे इंदिरापुरमहून दिल्लीतल्या हॉस्पिटलकडे निघालो. अकरा तारखेला ऑपरेशन झालं.

आणि किडनी ढिम्म! आठ दिवस एक थेंब लघवी नाही. "सो रही है आंटीजी, जागेगी," असं तिथला छोटा डॉक्टर रोज सांगायचा. गेलेल्या माणसाची किडनी कधीकधी जागी व्हायला वेळ घेते म्हणे, तोवर डायलिसिस चालूच. नवव्या दिवशी पिशवीत पिवळं पाणी दिसलं. नवऱ्याला लघवी झाली म्हणून वॉर्डभर पेढे वाटणारी बाई दिल्लीत मी एकटीच असेन.

किडनी कुणाची ते सांगत नाहीत, नियमच आहे तसा. पण तिथली आयाबाई बोलून गेली, "जवान लड़का था, बाइक से गिरा." मी हात जोडले आणि पुढच्या कामाला लागले. ह्यांच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं.

तर जूनचा तो रिपोर्ट. क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं प्रगतिपुस्तकच. ते इतके दिवस एक पूर्णांक दोनवर होतं, ते अडीचच्या वर गेलेलं. "रिजेक्शन हो सकता है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे शरीर ती किडनी परकी म्हणून नाकारतंय. "आज ही एडमिट कीजिए. परसों बायोप्सी करेंगे."

मी घाबरले. खरंच सांगते. पुन्हा ते डायलिसिस? आणि पुन्हा तो फोन येणार कधी, कुणाच्या घरचं माणूस गेल्यावर? मग भीती लपवायला मी ह्यांच्यावरच घसरले. गोळ्या चुकवल्यात का? मेट्रो स्टेशनबाहेरचे छोले कुलचे खाल्लेत का? शेजारच्या वर्मा आंटींचा काढा प्यायलात का? हे नुसतं "नाही गं, नाही गं" करत होते. सलाइन लागलं. कृतिका गुडगावचं ऑफिस सोडून धावत आली.

संध्याकाळी नर्स बायोप्सीचा कागद सहीला घेऊन आली. ह्यांनी विचारलं, "सुई किडनी में ही डालेंगे?" ती हो म्हणाली. त्यावर ह्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"त्याला नका टोचू. त्या पोराचा काही दोष नाही, उत्तरा. माझा आहे."

"कुठलं पोर? काय केलंत तुम्ही?"

"मी दर अकरा तारखेला निर्जळी उपास करतो."

"निर्जळी म्हणजे?" कृतिकाने विचारलं. दिल्लीत वाढलेली मुलगी ती.

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही," मी म्हटलं.

"बाबा, यार!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी गेलेल्या माणसाचं महिन्याच्या महिन्याला करतात ना? तर ह्यांना वाटलं, त्या मुलाचं आपण करावं. पण नाव ठाऊक नाही, गोत्र ठाऊक नाही, भटजीला सांगणार काय? म्हणून उपास. मी भरून दिलेला डबा ऑफिसातल्या चपराशाला, बाटली कुंडीत. गोळ्या तेवढ्या एका घोटाबरोबर. डायलिसिसच्या वर्षांत मोजून पाणी प्यायची सवय झालेली, त्यामुळे तहान जड जात नव्हती. थंडीत खपून गेलं. पण जूनची अकरा तारीख, पंचेचाळीस डिग्री आणि दिवसभर घसा कोरडा! दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला दिलेलं.

"अक्कल काय गहाण टाकलीत?" मी कडाडले. शेजारच्या पलंगावरचे सरदारजी उठून बसले. "तीन लिटर प्या म्हणून डॉक्टर घसा फोडून सांगतात, मी बाटल्या भरभरून देते, आणि तुम्ही कुंड्या शिंपता!"

हे मान खाली घालून ऐकत राहिले. मी तशीच उठले आणि डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "दो दिन सलाइन पर देखते हैं. उतर गया तो बायोप्सी नहीं." दुसऱ्या दिवशी आकडा दोनच्या खाली आला, चौथ्या दिवशी एक पूर्णांक तीन. मी डॉक्टरीणबाईंना मिठीच मारली.

पुन्हा असा उपास करणार नाही, अशी डॉक्टरांसमोर ह्यांनी शप्पथ घेतली होती. पण अकरा जुलैला सकाळी हे ग्लास समोर ठेवून नुसते बसले. मी पोळ्या आटपून आले तरी ग्लास भरलेलाच.

"अहो, प्या ना."

"उतरत नाही गं," हे म्हणाले. डोळे भरलेले. "आज त्याच्या आईच्या घशाखाली घोट उतरत असेल का? आणि मी इथे मजेत पाणी पिऊ?"

माझ्या तोंडात दहा शिव्या आल्या होत्या, त्या विरूनच गेल्या. ह्या माणसाशी मी तीस वर्षं भांडतेय, आणि त्या क्षणी मला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू. मी शेजारी बसले.

"त्या माऊलीने सगळं पोर जाळलं," मी म्हटलं. "त्याचं एवढंसं काहीतरी जगात जिवंत राहिलंय, ते तुमच्या पोटात. ती आत्ता इथे असती आणि तुम्ही त्याला दिवसभर तहानलेलं ठेवलंय हे तिला कळलं असतं, तर तिने काय केलं असतं?"

 ह्यांनी एक हात पोटावर, बेंबीखाली उजवीकडे ठेवला, जिथे ती किडनी बसवली आहे तिथे. दुसऱ्या हाताने ग्लास उचलला.

"पी, बाळा," असं हळूच म्हणाले, आणि सगळं पाणी प्यायले.