न थरथरणारं इंजिन

गॅरेजमध्ये त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाडी फाटकातून आत येते न येते तोच हा आतून ओरडायचा, "पुढचं बेअरिंग गेलंय, तिथंच लावा!" गाडीवाल्याला तोंड उघडायचीसुद्धा गरज पडायची नाही. त्याची बायको म्हणायची, "इंजिन कुजबुजलं तरी ऐकू येतं यांना. माझ्याच हाका काय त्या कानावर पडत नाहीत."

त्याची धाकटी बहीण शेजारच्या शेडमध्ये लेथ चालवायची. बोलणं मोजकं, हात मात्र सफाईदार. दोघांचं एक जुनं खूळ होतं. आईनं वापरून वापरून खिळखिळी केलेली छोटी हॅचबॅक होती, तिच्यात रोटरी इंजिन बसवायचं. एरवीच्या इंजिनात पिस्टन वरखाली आपटत असतात. रोटरीत पिस्टनच नसतात. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर कवचात गरगर फिरत राहतो. विशीत एका शर्यतीला गेला असताना त्यानं तो आवाज ऐकला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना.

"गुरगुरत नाही गं ते, चिमे," तो बहिणीला सांगायचा. "कापड टर्रकन फाडत न्यावं आणि ते संपूच नये, तसं वाटतं."

भंगारात निघालेल्या एका स्पोर्ट्स कारमधून इंजिन मिळालं. ते गॅरेजमध्ये आलं आणि नेमका तेव्हाच तो तापानं आडवा झाला. ताप उतरला, पण कान गेले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दाखवलं: नस निकामी झाली आहे, कानाच्या यंत्राचाही उपयोग होणार नाही. त्यानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

किती तरी दिवस त्यानं गॅरेजचं शटर उघडलं नाही. शेवटी बहीण येऊन समोर उभी राहिली. ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाली, "दादा, इंजिन गंजायला लागलंय."

"गंजू दे. कुणासाठी बसवायचं?"

"माझ्यासाठी. मला ऐकायचंय."

तो उठला. दोघांनी मिळून गाडीचा मधला पत्रा कापला, गिअरबॉक्सला जागा केली. इंजिन टेकवायचे ब्रॅकेट तिनं लेथवर आणि वेल्डिंग करून स्वतः बनवले. छोट्या नाकात मोठा रेडिएटर कोंबताना त्याची बोटं सोलवटली, तेव्हा त्यानं इतक्या जोरात शिवी हासडली की बायको धावत बाहेर आली. स्वतःचा आवाज आता त्याला कळत नव्हता. पण शिवी ऐकून तिला बरंच वाटलं. माणूस परत माणसात आला होता.

मधल्या काळात त्याला एक नवी विद्या साधली होती. चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. कुठला सिलेंडर चुकतोय ते हाताला कळायचं. त्याच भरवशावर तो होता.

एका दुपारी बहिणीनं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. तो सांगायचा अगदी तसंच, कापड फाटत गेल्यासारखं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

"लागलं का?"

तिनं मान डोलावली. त्यानं दुसरा हात ठेवला. मग वाकून छाती टेकवली. रोटरीला धक्का नसतो, थरथर नसते. हाताला लागली ती नुसती ऊब आणि पुसटशी झिणझिण.

"काहीच कळत नाही गं," तो म्हणाला. मग कसनुसं हसला. "थरथरत नाही म्हणूनच तर हवं होतं मला."

"दादा, आवाज अगदी..."

"राहू दे. सरक, मी चालवतो."

गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात त्यानं गाडी काढली. असल्या इंजिनात रोटर किती जोरात फिरतोय ते अंगाला कळत नाही, म्हणून त्यानं मर्यादा ओलांडली की बझर वाजतो. तो त्याला ऐकू येणार नव्हता. "इंजिनाच्या काट्यावर नजर ठेव," तिनं बजावलं होतं. पहिल्या फेरीत ठेवलीही. मग समोर सगळं मैदान मोकळं दिसलं आणि त्यानं मान वर केली.

गाडी जवळून गेली तेव्हा उघड्या खिडकीतून बझर किंचाळत होता. बहीण दोन्ही हात हलवत धावत सुटली. बायकोही पदर सावरत मागून धावली. त्यानं त्यांना पाहिलं. त्याला वाटलं, आनंदानं नाचताहेत. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि आजारपणानंतर पहिल्यांदा खदखदून हसला. पाय तसाच दाबलेला.

मग आवाज फाटला. मागून पांढरा धूर आला आणि गाडी घरंगळत थांबली.

तो उतरला. "काय झालं? तुम्ही हात करत होतात ना?"

बायकोनं ओठ दिसू नयेत म्हणून तोंड फिरवलं. "वन्सं, सांगू नका त्यांना."

पण तो बहिणीच्याच तोंडाकडे बघत होता. "बझर वाजत होता?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"बराच वेळ?"

तिनं पुन्हा हलवली. तो तिथंच मातीत बसला.

इंजिन उघडल्यावर रोटरच्या टोकाची पातळ सील तुटलेली निघाली, कवचावर ओरखडे उठले होते. "होईल नीट," बहीण म्हणाली. "नवी सील घालू. बझरऐवजी मोठा लाल दिवा लावू."

"दिवा लागेल गं," तो म्हणाला. "मला दिवा बघायचा नव्हता."

इंजिन त्यानं एका शर्यतवेड्याला देऊन टाकलं. गाडी भंगारात गेली. आता तो ब्रेक आणि सस्पेन्शनची कामं करतो. इंजिनं ऐकायला बहीण येते. "काय म्हणतंय?" असं तो प्रत्येक गाडीपाशी विचारतो आणि ती जमेल तसं सांगते. त्या दुपारी काय ऐकू आलं, हे मात्र त्यानं तिला अजून विचारलेलं नाही.