गिऱ्हाईक नसलेले शेअर

मी एक श्रवणयंत्र. घरातले मला ‘कानाचं मशीन’ म्हणतात. आकाराने शेंगदाण्याएवढा, रंगाने कातडीसारखा. मी कुणाला दिसू नये, यातच माझी शोभा. माझं सगळं आयुष्य एका निवृत्त माणसाच्या उजव्या कानामागे गेलं.

बाबा छापखान्यात मशीनमन होते. यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्यांचे कान गेले. त्यांची मुलगी इस्पितळात नर्स आहे. तिने पहिल्या पगारवाढीत मला आणलं. “बाबा, आता तरी टीव्हीचा आवाज कमी करा, शेजारी भांडायला येतील,” ती म्हणाली. ते ऐकू आलं म्हणूनच बाबा इतके हसले की मी कानावरून घसरलो.

निवृत्तीचे पैसे हातात आले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि आईच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलेला. तळमजल्यावर एखादं छोटं घर घ्यायचं, हे नवरा-बायकोचं पक्कं ठरलं होतं. घर मिळेपर्यंत पैसे नुसते कशाला ठेवायचे, म्हणून बाबांनी जुन्या, नावाजलेल्या कंपन्यांचे थोडे शेअर घेतले. ते बरे वाढले. बाबांची छाती त्याहून जास्त वाढली.

मग एक दिवस छापखान्यातले फोरमन चहाला आले. बाबांचे जुने मित्र. त्यांनी एका खासगी कंपनीचं नाव काढलं. शीतगृहांची यंत्रं बनवणारी कंपनी होती ती.

“हे शेअर बाजारात मिळत नाहीत, ओळखीने मिळतात. वर्षभरात कंपनी बाजारात उतरेल. मग बघ!”

“आणि मध्येच विकायचे झाले तर?” आईने विचारलं.

“विकायचे कशाला, वहिनी?”

दोघे मित्र हसले. आईचा प्रश्न मी नीट पोचवला होता, एक अक्षरही गाळलं नव्हतं. पण माझी धाव कानापर्यंतच. उरलेले सगळे पैसे तिकडे गेले.

आणि बाजार कोसळला. बातम्या सांगणारी बाई रोज तेच सांगू लागली, फक्त आकडे रोज नवे. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

“जुन्या कंपन्यांना हात लावू नका,” मुलगी म्हणाली. “त्या तग धरतील. ते खासगी शेअर कुणी घेतंय का, बघा.”

कुणीच घेत नव्हतं. बाबांनी फोरमनना फोन लावला. “मिळेल त्या भावाला माझे शेअर काढून दे रे!”

“अरे, थांब जरा. उलट कंपनी आता आपल्याच माणसांना निम्म्या भावात देतेय. आत्ता घेतलेस, तर सगळं भरून निघेल.”

बाबांच्या कानशिलावरची शीर माझ्या अंगावर धडधडत होती. मुलीला न विचारता त्यांनी जुन्या कंपन्यांचे शेअर पडत्या भावात विकले आणि तेही पैसे त्याच खड्ड्यात लोटले. तेव्हा त्यांना हाव नव्हती. नुसती भीती होती.

पुढे जुन्या कंपन्या हळूहळू वर आल्या. खासगी कंपनीला मात्र टाळं लागलं.

फोरमन आले, तेव्हा जिने चढून त्यांना धाप लागली होती. “माझंही सगळं गेलं रे. मी फसवलं नाही तुला. मला खरंच तसं वाटत होतं.”

बाबांनी शिव्या तोंडाशी आणल्या होत्या, पण समोरचा माणूस रडायला लागला. शिव्या तशाच गिळल्या. तळमजल्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. आईचं खाली उतरणं बंद झालं. मुलगी जादा पाळ्या करू लागली. ती बापाला एक शब्द बोलली नाही. ते बाबांना जास्त लागलं.

मग आईचा धाकटा भाऊ आला. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्यालाही कुणीतरी खासगी शेअर देऊ केले होते. बाबा कित्येक दिवसांत नीट बोलले नव्हते. त्या दुपारी ते पोटतिडकीने बोलले.

“ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याचा भाव नुसता सांगण्यापुरता असतो, लक्षात ठेव. घरासाठी ठेवलेला पैसा तिथे न्यायचा नाही. आणि घाबरलेला असशील ना, तर त्या दिवशी काही विकू नकोस, काही घेऊही नकोस. माझ्याकडे बघ. तुझ्या बहिणीकडे बघ.”

“शंभर टक्के बरोबर, भाऊजी,” मेहुणा मान डोलावत म्हणाला. जाताना तो पायाही पडला. मला वाटलं, चला, निदान एक माणूस वाचला.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. “भाऊजी, घेऊन टाकले! तुमची कंपनी वेगळी, ही तशी नाही. आणि मंदी आहे तोवरच स्वस्त.”

बाबांनी फोन ठेवला. मला कानावरून उतरवलं, बॅटरी काढली आणि डबीत घातलं.

तेव्हापासून मी डबीतच आहे. मुलगी आली की झाकण उघडून बघते आणि पुन्हा लावते. तेवढ्यात घर दिसतं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना काहीतरी सांगत असते. ओठ हलताना दिसतात. पूर्वी ती दोन-तीनदा सांगायची, मग एकदाच सांगू लागली.

गेलेलं परत आणणं माझ्या हातात नाही. ऐकलेलं मनावर घ्यायला लावणं तर मला कधीच जमलं नाही. तरी कुणीतरी माझ्यात बॅटरी घाला, एवढंच मागणं आहे. लवकर घाला.

कारण परवा झाकण उघडलं, तेव्हा आई दारात उभी होती आणि तिचे ओठ हलत नव्हते.