बिननावाचं पान

तीन वाजून वीस मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात ती चौकट उगवली, आणि लेकीची बोटं कळांवर थांबली.

चौकट तिच्या ओळखीची होती. गेले पाच आठवडे रोज येत होती. ‘महत्त्वाचं अपडेट तयार आहे’ असं म्हणायची, लेक ‘नंतर’वर टिचकी मारायची, चौकट निमूट निघून जायची. दारावरच्या विक्रेत्याला ‘उद्या या’ म्हणावं आणि त्याने खरंच उद्या यावं, तसा दोघींचा व्यवहार चालला होता. आज मात्र ‘नंतर’ हा शब्दच जागेवर नव्हता. ‘चार वाजता संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल’, एवढं एकच वाक्य, आणि त्याखाली एकच बटण : ‘ठीक आहे’.

“कसलं ठीक आहे?” लेक चौकटीलाच म्हणाली. आणि पोटावर हात ठेवून खुर्चीत मागे सरकली. सातवा महिना होता.

ती घरी बसून वकिलांचे कागद टाइप करून द्यायची. रोज वीस-पंचवीस पानं हाताखालून जायची. त्यातलं प्रत्येक पान ज्याच्या त्याच्या नावाने जतन व्हायचं. पण त्या सगळ्या पानांच्या मागे, पडद्याच्या तळाशी, एक पान उघडंच राहायचं. त्याला नाव नव्हतं. नाव नाही म्हणून ते कधी जतन केलेलं नव्हतं, आणि जतन केलेलं नाही म्हणून संगणक पाच आठवड्यांत एकदाही बंद झाला नव्हता. रात्री झाकलेल्या पाखरासारखा तो नुसता डुलकी घ्यायचा, सकाळी बोट लागलं की डोळे उघडायचा.

त्या पानावर आईची अंगाई होती.

आई सुईण. तीस वर्षं प्रसूतिगृहात राबलेली. कळा देणाऱ्या बायकांच्या कमरा चोळता चोळता ती ओव्या रचायची, हातासरशी, जशी कणिक मळावी तशी. गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की जीव राहील पण आवाज जाईल, तेव्हा आई लेकीकडे राहायला आली. रोज दुपारी लेकीच्या शेजारी वेताच्या खुर्चीत बसायची, एका हाताने रिकामा पाळणा हलवल्यासारखं करायची आणि म्हणायची,

उन्हाचा कवडसा भिंतीवरून चढे,
बाळाच्या पापणीशी येऊन गुमान पडे.

लेक टाइप करायची. आवाज टेप करून ठेवू का, असं तिने विचारलं होतं. आई म्हणाली होती, “हा फाटका आवाज नको गं पोराच्या कानावर. शब्द ठेव. आवाज तू तुझा घाल.” अशा त्रेसष्ट ओव्या झाल्या. चौसष्टावी अर्धी राहिली, कारण खोकला आला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती.

त्याला आता नऊ दिवस झाले. गळ्याला पांढरी पट्टी बांधून आई आतल्या खोलीत असते, हातात पाटी, कानामागे खडू. परवा ती अंगाई पाटीवर लिहायला बसली, तर एक ओळ येईना. हात हलवून पाहिला, ओठ हलवून पाहिले. ओव्या तिच्या गळ्यात राहत होत्या आणि गळा रिकामा झाला होता. तिने पाटी पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

म्हणजे आता अंगाई जगात एकाच ठिकाणी होती. त्या बिननावाच्या पानावर.

नवरा जलशुद्धीकरण केंद्रावर पाळीला गेला होता. त्याचा मोबाइल फुटल्यामुळे लेकीचा घेऊन गेला होता. घरात होता तो तारेचा फोन. तिने नणंदेला लावला. नणंद बस आगारात तिकिटांचे संगणक सांभाळायची, आणि भावजयीला चार शब्द सुनावायची संधी सहसा सोडायची नाही.

“वहिनी! आज कशी आठवण आली? माझा वाढदिवस तर गेला.”

“ताई, हा संगणक चार वाजता बंद होतो म्हणतोय. थांबवायचा कसा?”

“पाच आठवडे ‘नंतर, नंतर’ केलंस ना? दादाने सांगितलंय मला. अगं, त्यालाही कंटाळा येतो. फोन स्पीकरवर टाक. सेटिंग उघड. अपडेटचं पान आलं? तिथे ‘थोपवा’ असेल.”

“आहे. पण करडं झालंय. दाबलं जात नाही.”

“झालं. म्हणजे तुझी मुदत संपली. मागची बाजू बघ, नेटची तार काढ.”

लेक वाकली. सातव्या महिन्यात टेबलाखाली वाकणं म्हणजे एक मोहीमच. तार उपटली. पडद्यावर काही हललं नाही.

“त्याने अपडेट आधीच उतरवून ठेवलेलं दिसतंय,” नणंद म्हणाली. “जेवून बसलेल्या पाहुण्याला दार लावून काय उपयोग? बरं, घड्याळ मागे कर. एक तास मागे. तेवढीच तुला उसंत.”

तीन चाळीस. लेकीने घड्याळाची खिडकी उघडली. पंधराच्या आकड्यावर बोट ठेवलं. शेजारी दोन बाण, एक वर, एक खाली. दिवसाला वीस पानं चुकीशिवाय टाइप करणारं तिचं बोट त्या क्षणी थरथरलं, आणि वरच्या बाणावर पडलं. सोळा चाळीस.

चौकट लाल झाली. ‘ठरलेली वेळ उलटून गेली आहे. दहा मिनिटांत संगणक पुन्हा सुरू होईल.’ खाली सेकंद पळू लागले.

“ताई! पुढे गेलं! पुढे केलं मी!”

“मागे घे!”

“घेतलं. थांबत नाही ते.” आकडे उतरतच होते. नऊ छप्पन. नऊ पंचावन्न.

“बरं, घाबरू नकोस. ऐक. असं आहे तरी काय त्याच्यावर? सेव्ह कर आणि मोकळी हो. दोन बटणं दाबायची, त्यासाठी एवढं आकांडतांडव!”

लेकीने वही ओढली आणि पडद्यावरून उतरवायला लागली. पहिली ओवी. दुसरी. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी वाकडी होत होती. तिसरीला पेन कागदातून आरपार गेलं. चौथी संपली तेव्हा सात मिनिटं उरली होती आणि जवळजवळ साठ ओव्या.

“वहिनी, आहेस ना? काय खरडतेयस? त्या प्रोग्रॅममध्ये आपोआप काही राहत नाही हं. जुना आहे तो. बंद पडला की साफ. सेव्ह का करत नाहीस?”

“नाव मागतंय,” लेक म्हणाली.

“मग दे! काहीही दे! अबक दे!”

“नाही देता येत.”

“का? नावाला काय पैसे पडतात?”

लेकीचा आवाज एकदम लहान झाला. “पहिल्या वेळी आम्ही पाचव्यातच नाव ठरवलं होतं, ताई. तुमच्या दादाने टोपीवर विणून घेतलं होतं. टोपी अजून आहे. दुसऱ्या वेळी कुणाला सांगितलं नाही, मनातल्या मनात ठेवलं. तेही...” ती थांबली. “आई म्हणते, जन्माआधी नाव नाही. आणि ही अंगाई त्याची आहे. ती पुरी झालेली नाही, तोही झालेला नाही. मी जतनवर जाते, ती रिकामी चौकट येते, आणि माझे हात गार पडतात. मला कळतं की वेडेपणा आहे. मला सगळं कळतं. पण या वेळी मी काही म्हणजे काही चुकवणार नाहीये.”

फोनमधून आगारातल्या बसचा भोंगा ऐकू आला. नणंद म्हणाली, “मला हे कुणी सांगितलंच नाही गं.” त्या आवाजात चिमटा नव्हता.

पाच मिनिटं दहा सेकंद.

लेकीने पडद्याला हात लावला, जसा ताप बघायला कपाळाला लावतात. आतल्या आत काहीतरी धडधडत होतं, पंखा असेल, किंवा तिचंच काळीज. एका बाजूला आईचा गळा जात होता, दुसऱ्यांदा. दुसऱ्या बाजूला पोटात ते होतं, ज्याला ती मनातसुद्धा ‘ते’ म्हणत होती. जतन केलं तर एक भीती, नाही केलं तर दुसरी, आणि बोट मधे, अधांतरी. ती उठायला गेली. खुर्ची मागे आपटून पडली.

त्या आवाजाने आई जागी झाली. दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, पट्टी एका बाजूला सरकलेली, पाटी छातीशी. तीस वर्षं रडण्याच्या आवाजावरून बाईची अवस्था ओळखणारी ती. लेकीचा चेहरा पाहिला, लाल चौकट पाहिली, वहीवरच्या चार वाकड्या ओव्या पाहिल्या.

“आई, हे बंद होतंय. तुझी अंगाई जाईल. आणि जतन करायला नाव मागतंय.” तिने ‘जतन’ची रिकामी चौकट उघडून दाखवली.

आई खाली बसली. कानामागचा खडू काढला. लिहिलं : ‘बाळाचं नाव नको.’

“तेच तर!”

आईने डोकं हलवलं. मनगटाने अर्धी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने लिहिलं : ‘जन्मलेल्याचं चालतं.’

“म्हणजे? कुणाचं?”

“विहीणबाई काय म्हणतायत?” फोन ओरडला. “मला दिसत नाहीये! कुणीतरी बोला!”

दोन मिनिटं चाळीस.

आईने उठून खडूचा तुकडा लेकीच्या छातीवर टेकवला. निळ्या कापडावर पांढरा ठिपका उमटला. लेक बघतच राहिली. मग आईने तिला खांद्याने बाजूला सारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कळफलकावर वाकली. एक बोट काढलं. ते बोट कळांवरून फिरू लागलं, अंधारात कडी शोधावी तसं. एक पन्नास. एक पस्तीस. बोट पुढे गेलं, मागे आलं, एका कळेवर थांबलं.

रिकाम्या चौकटीत अक्षर उमटलं. भ.

लेकीला कळलं. आई तिला एकाच नावाने हाक मारायची. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून पडलेलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडी नसलेलं नाव. नऊ दिवसांत ती हाक कुणी मारली नव्हती, आणि तिला वाटलं होतं की आता कुणी मारणारही नाही.

तिने आईच्या बोटाशेजारी आपली बोटं ठेवली. ती आता थरथरत नव्हती असं नाही. थरथरतच चालली. भिंगरी.

‘जतन करा’. छप्पन सेकंद उरले होते.

“झालं?” नणंद ओरडली. “वर नाव दिसतंय का? वहिनी, वर बघ, पट्टीवर!”

“दिसतंय.” लेक पडलेली खुर्ची सरळ करून तीत बसली.

“मग सोड. आता हात लावू नकोस. उशी सरळ करायलासुद्धा उठू नकोस.”

पडदा काळा झाला. काळ्या काचेत दोघी दिसल्या, एक पट्टीवाली, एक पोटवाली. मग एक पांढरं वर्तुळ फिरायला लागलं. अकरा टक्के. सव्वीस. एकतीस. एकतीसवर अडकलं.

“ताई, एकतीसवर थांबलंय.”

“थांबू दे.”

“गेलं का?”

“गेलं असतं तर आकडा कशाला दाखवला असता? श्वास घे. विहीणबाई, तिला श्वास घ्यायला सांगा. म्हणजे, सांगू नका, दाखवा.”

आईने दाखवला. नाकातून आत, तोंडातून बाहेर, प्रसूतिगृहात दाखवायची तसा. लेकीने घेतला. एकतीस. आईने दुसरा दाखवला. लेकीच्या ओठांवर नकळत पहिली ओवी आली, दुसरी आली, तिसरीत ती अडखळली आणि ‘पापणीशी’ऐवजी ‘पावलाशी’ म्हणाली. आईने तिच्या मांडीवर चापट मारली. लेकीने शब्द सुधारला. आईचा हात हवेतला पाळणा हलवू लागला. बत्तीस. चाळीस. सत्तर.

संगणक उठला, तेव्हा खरे चार वाजून बारा मिनिटं झाली होती. वकिलांच्या कागदांच्या रांगेत, सगळ्यात खाली, एक नवं नाव होतं. लेकीने त्यावर दोनदा टिचकी मारली, आणि पान उघडेपर्यंत डोळे मिटून घेतले. आईने तिचं मनगट दाबलं, तेव्हा उघडले.

त्रेसष्ट ओव्या होत्या. शेवटी ती अर्धी, जशीच्या तशी :

दाराशी वाजती गं पाउले कुणाची,
उघडा गं हळू कडी

तिथेच उभी रेघ उघडझाप करत होती. लेकीने आईकडे पाहिलं. आईने ओठ हलवले, मग हात उडवला. येत नव्हतं पुढचं. आज नव्हतं येत.

“आहे का सगळं?” फोनमधून आवाज आला. “कुणीतरी बोलेल का माझ्याशी?”

“आहे, ताई.”

“बरं. आता मी ठेवते, इथे रांग लागलीय. आणि ऐक वहिनी, ती टोपी... असू दे. रविवारी येते मी.”

लेकीने फोन ठेवला. मग तिने पुन्हा ‘जतन करा’ दाबलं. एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरी दाबलं. थोडं थांबली, आणि परत दाबलं. आईचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण हसणं तेच होतं. तिने मोडका खडू उचलला आणि पाटीवर लिहिलं :

‘भिंगरे, पुरे.’

लेकीने मान हलवली, आणि आणखी एकदा दाबलं.