ढोलावर काढलेली कवटी

मित्रांनो, मी ढोल आहे. जत तालुक्यातल्या एका धनगर घराचा, वयाने जुना आणि स्वभावाने तिरसट. तीन पिढ्यांनी मला बडवलं, पण त्याचा मला कधी राग आला नाही; ढोलाने बडवून घ्यायचंच असतं. गेल्या हिवाळ्यात मात्र मला रंगवलं, आणि तेव्हापासून माझ्यात जे बसलं आहे त्याला राग म्हणत नाहीत. त्याला किळस म्हणतात. ती कशी आली, ते ऐका.

माझं खोड आंब्याचं. गावच्या सुताराने ते आतून कोरलं आणि मल्हार धनगराने त्यावर आपल्याच कळपातल्या बोकडाचं कातडं चढवलं. या कातड्याला पान म्हणतात. पान ओलं असताना दोऱ्या ओढायच्या, उन्हात वाळवायचं, पुन्हा ओढायच्या. हे काम करताना मल्हार कोणाशी बोलत नसे. मी पहिल्यांदा घुमलो तेव्हा वाडग्यातली, म्हणजे काट्यांच्या कुंपणातली, मेंढरं दचकून उभी राहिली आणि मल्हार पोट धरून हसला.

मग माझे चांगले दिवस आले. बिरोबाच्या जत्रेत आमचं गजीनृत्य असे. पांढरे अंगरखे, तांबडे फेटे, हातात रंगीत रुमाल घेतलेले गडी गोल धरत आणि मध्ये मी. चाल सावकाश सुरू होई. म्हातारे म्हणत, घाई करणाऱ्याने मेंढरं राखू नयेत आणि गजीही नाचू नये. मला उघड्या जमिनीवर कधी ठेवत नसत, खाली घोंगडं असे. वाजवण्याआधी पानाला हळदीचा भंडारा लागे, आणि वहाणा घालून माझ्याजवळ कोणी येत नसे. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. जेवणाच्या ताटाला पाय लावू नये, हे तरी तुमच्या घरात कुठे लिहून ठेवलेलं असतं?

पुढे मल्हार गेला आणि दिवसही फिरले. जत्रेत डीजे आला. मल्हारच्या मुलाचा, बिराप्पाचा, थोरला पोरगा बिरदेव पुण्याला कंपनीत लागला आणि फोनवरसुद्धा माझी चौकशी करेना. बिराप्पा दरवर्षी पावसाळा सरला की मेंढरं घेऊन पश्चिमेला उंब्रजकडे यायचा, तो एका वर्षी धाकट्या लेकीच्या, राणीच्या, शाळेसाठी तिथेच राहिला. आकाराम सुभेदारांच्या उसाच्या रानाला लागून आमची वस्ती झाली. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, आता शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवली की त्यांच्या जमिनीला खत मिळे आणि आमच्या मेंढरांना चारा. राणीचा शाळेतला प्रवेश त्यांनीच करून दिला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असता तर पुढची गोष्ट सोपी झाली असती.

मी मात्र आढ्याला टांगलेला होतो. उंदरांनी माझी एक दोरी कुरतडून संपवली. राणी नववीत गेली त्या वर्षी तिनेच मला खाली काढलं.

"आप्पा, मला शिकवा."

"पोरीच्या हातात ढोल? भावकी काय म्हणंल?"

"भावकी हितं कुठं हाय? हितं नुसती मेंढरं हायती."

बिराप्पाला हसू आलं आणि तिथेच तो हरला. तो रोज संध्याकाळी शिकवू लागला. पोरीचा हात सुरुवातीला हलका पडे, मग असा बसला की मला मल्हार आठवला. तिच्या मनात एकच होतं. वर्गात तिला 'मेंढरं' म्हणत. तिच्या अंगाला वास येतो म्हणून बाक सोडून बसत. एकदा शाळेच्या स्टेजवर गजी वाजवायची आणि आपण कोण आहोत ते सगळ्यांना ऐकवायचं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून स्नेहसंमेलनाचा नाच बसवायला कराडहून साईराज सर आले आणि "ढोल कुणाकडं हाय का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा राणीने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

सर मला न्यायला वस्तीवर आले. बिराप्पाने भंडाऱ्याची वाटी पुढे केली. "सर, आमच्यात जो ढोल मागतो त्यानं आधी भंडारा लावायचा. म्हंजी ढोलाची राखण त्याच्यावर आली."

सरांनी चिमूटभर भंडारा लावला आणि बोटं पँटला पुसली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण ढोलाने ओळखून तरी काय करायचं?

शाळेत गेल्यावर गजीचा विषय दोन वाक्यांत संपला. "तो लय स्लो हाय गं. पब्लिक झोपंल," सर म्हणाले. त्यांच्या मनात 'आफ्रिकन डान्स' होता. सुभेदारांचा नातू ऋषिराज टोपी घातलेला साहेब होणार, हातात खोटी बंदूक. बाकीची पोरं जंगली होणार, त्याला पकडून नाचणार, आणि शेवटी बंदुकीचा आवाज झाला की त्याच्या पाया पडणार. आफ्रिकेत गवताचे घागरे घालतात, असं कोणीतरी मोबाईलवर पाहिलं होतं. आपल्याकडे तसलं गवत कुठून आणायचं? मग सुभेदारांच्या रानातून उसाचं पाचट आणलं आणि सुतळीला ओवून पोरांच्या कमरेला बांधलं. उसाच्या पात्याची धार ज्याला माहीत आहे त्याला मी जास्त सांगत नाही. पोरांच्या मांड्यांवर ओरखडे उठले. मटणाच्या दुकानातून हाडं आणून केसांत खोचली. तोंडाला बुटाचं पॉलिश लावलं.

राणीची पाळी आली तेव्हा पॉलिश लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "हिला कशाला? हिचा मेकअप देवानंच केलाय."

सगळे हसले. राणीही हसली. ते हसू मी जवळून पाहिलं. मग बाईंनी तिच्याही गालांना पॉलिश फासलंच.

मग सर माझ्याकडे वळले. ढोल 'साधा' दिसत होता म्हणे. त्यांनी ऑइल पेंटचा डबा उघडला आणि माझ्या पानावर, भंडारा लागला होता त्याच जागी, एक पांढरी कवटी काढली. मित्रांनो, पान श्वास घेतं. त्यावर तो चिकट, वासाचा रंग बसला आणि मी मुका होत गेलो. मला फरशीवर ठेवलं होतं. बूट घातलेलं एक कार्टं माझ्यावर बसून वडापाव खात होतं. त्या तेलाचा, पॉलिशचा आणि शिळ्या हाडांचा वास अजून माझ्या लाकडातून गेलेला नाही.

संमेलनाला पाहुणा म्हणून कोणाला बोलावलं असेल? मसांजा नावाच्या तरुणाला. तो टांझानियाचा, जवळच्या एका कॉलेजात औषधांचं शिक्षण घेणारा. 'आपला डान्स बघून बिचारा खूश होईल' म्हणून त्याला पहिल्या रांगेत, सुभेदारांच्या शेजारी बसवलं. शाल घातली, नारळ दिला. दोन बायांनी त्याच्या केसांना हात लावून पाहिला. त्याने मान जराशी मागे घेतली आणि हात मांडीवर ठेवले.

नाच झाला. पाचट सळसळलं, पोरं "हुर्र हुर्र" करत उड्या मारत होती आणि राणी मला बडवत होती. माझ्यातून घुमारा निघत नव्हता, नुसता खोक्याचा आवाज येत होता. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. निवेदकाने माईक मसांजाच्या तोंडापुढे धरला.

"सर, तुम्हारे उधर ऐसाच नाचते ना?"

"नहीं," मसांजा म्हणाला.

निवेदक हसला, "सर मजाक करतात!" म्हणाला आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळला.

सुभेदारांना मात्र ते लागलं. "अरे, मैं गया हूँ आफ्रिका," ते म्हणाले. "काँगो में यूएन की शांतिसेना में एक साल ड्यूटी किया."

"वहाँ आपने कौन सा नाच देखा?"

सुभेदारांनी स्टेजकडे पाहिलं. "नाच कुठला? कँप के बाहर जाने का ऑर्डर नहीं था."

कार्यक्रमानंतर मसांजा स्टेजच्या मागे आला. राणी नळाखाली तोंड घासत होती. मला पाहून तो थांबला, बूट काढून बाजूला ठेवले आणि मग माझ्याजवळ उकिडवा बसला. "इसको ये किसने किया?" कवटीवर बोट ठेवून त्याने विचारलं. राणी तोंड घासत राहिली. त्याने आपल्या मोडक्या हिंदीत तिला सांगितलं, की त्याच्या देशात शंभराच्या वर जमाती आहेत आणि तो सुकुमा आहे. त्याच्याकडे गुरं राखतात, ज्वारी पिकवतात, आणि ढोलाच्या तालावर कुदळी हवेत उडवून झेलत नाचतात. आजोबांचा ढोल घरातल्या माणसाशिवाय कोणी उचलत नाही. 'आफ्रिकन' म्हणून कुठला एकच नाच आपण कधी पाहिलेला नाही.

"हम लोग भी..." राणी म्हणाली आणि थांबली. "हम धनगर हैं. हमारा नाच दुसरा है."

"तो वो क्यों नहीं किया?"

तिच्या गालावरून काळं पाणी ओघळत होतं. "सॉरी," ती म्हणाली.

"तुमने नहीं किया," तो म्हणाला. जाताना त्याने शाल तिथल्या खुर्चीवर घडी करून ठेवली.

बिराप्पा मला न्यायला आला आणि कवटी पाहून त्याने मला घोंगड्यात गुंडाळलं. घरी त्याने घासलेट लावून पाहिलं, पान आणखी बिघडलं. शेवटी सुरीने दोऱ्या कापून त्याने ते उतरवलं. बापाने चढवलेलं पान होतं. एका हाताने डोळे पुसत त्याने ते ओढ्याच्या काठी पुरलं. मी नुसतं पोकळ लाकूड झालो.

आणि राणी? वर्गात तिचं 'मेंढरं' हे नाव गेलं आणि 'आफ्रिकन' पडलं. जत्रेसाठी नवं पान आणू का, असं बिराप्पाने विचारलं तर ती म्हणाली, "नगं. मला कोण इचारलं तर मी धनगर हाय म्हनून सांगनार बी न्हाई. फेकून द्या ते लाकूड." मित्रांनो, उंदरांनी कुरतडलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. बिराप्पाने तिचं ऐकलं नाही. गुपचूप नवं पान चढवलं, पण त्याला हात लावायला पोर तयार होईना.

महिन्याभराने आकाराम सुभेदार स्वतः वस्तीवर आले. बिराप्पाने घोंगडं अंथरलं, राणीने चहा दिला.

"बिराप्पा, आपला आफ्रिकन डान्स साताऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला निवडलाय," सुभेदार खुशीत म्हणाले. "ढोल लागंल. आन् राणी तर लागंलच, तिच्यासारखं कोण दिसतंय?"

बिराप्पा खाली बघत राहिला. त्याची मेंढरं त्याच क्षणी सुभेदारांच्या रानात चरत होती. मला वाटलं, संपलं. हा आता व्हय म्हणणार.

राणी दाराशी उभी होती. "आबा," ती सुभेदारांना म्हणाली, "या खेपेला साहेब मी हुते. ऋषिराजला जंगली करा. त्यालाच पॉलिश लावा."

सुभेदार हसले. मग ती हसत नाही असं पाहून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या पोराचं तोंड काळं करू व्हय गं?"

चहाची कपबशी त्यांच्या हातात तशीच राहिली. ते काय बोलले ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पण शब्द मागे घ्यायला फौजेत शिकवत नसावेत.

बिराप्पा उठून उभा राहिला. "आबा, तुमचे उपकार लय हायती. ढोल मिळायचा न्हाई. पोरगी बी न्हाई."

"मग मेंढरं कुठं बसवशील?" सुभेदारांनी विचारलं. धमकी होती की काळजी, मला अजून कळलेलं नाही.

"उद्या हलवतो," बिराप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाडगं मोडलं. आता वडूजकडे कुठे रान मिळतं ते बघायचं होतं, आणि राणीची शाळा कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. बिराप्पा मला घोड्यावर लादणार, तेवढ्यात राणीने मला त्याच्या हातून घेतलं आणि स्वतःच्या गळ्यात अडकवलं. नव्या पानाला तिने पहिल्यांदाच काठी लावली. सुभेदारांच्या बंगल्यापुढून मेंढरं निघाली तेव्हा ती गजी वाजवत होती, अगदी सावकाश, पुढच्या मेंढराच्या पायाला पाय मिळवून. गच्चीवर ऋषिराज उभा होता. त्याने ओरडून विचारलं, "राणे, हा कुठला ताल गं?"

"आमचा!" राणी म्हणाली आणि हात थांबू दिला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला माझ्यासारखे सगळेच सांगतात. मी म्हातारा ढोल दुसरंच मागतो. कोणाचा ढोल आणि कोणाचा नाच उचलून स्टेजवर न्यायचा असेल, मग ते जतचे धनगर असोत की टांझानियाचे सुकुमा, तर तो रंग आधी आपल्या घरच्या पोराच्या गालाला लावून बघा. हात थांबला, तर आल्या वाटेने परत जा.